वाचनाची आणेवारी कोणी काढायची?

पंधरा ऑक्टोबर जवळ आला की शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिनाची तयारी सुरू होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीचा हा दिवस २०१५ पासून आपल्या राज्यात वाचनासाठी पाळला जातो. मुले थोडा वेळ पुस्तक वाचतात, पाहुणे भाषणे करतात. या भाषणांत हमखास कुठल्या तरी पाहणीचा आकडा येतो आणि आकड्यामागून निकाल येतो. खेड्यातला माणूस वाचत नाही. आदिवासी भागात तर वाचनाची आवडच नाही, असा तो निकाल.

हा निकाल भाषणापुरता राहिला असता तर त्यावर शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण तो पुढे ग्रामसभेत येऊन बसतो. भंडारदरा, शेंडी, रतनवाडी, घाटघर हा अकोले तालुक्याचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायद्याखालील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के अबंध निधी थेट देण्याची योजना शासनाने आणली. हा पैसा कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचे, आणि शिक्षणाच्या कामांनाही त्यात जागा आहे. आता तिथे कुणी वाचनालयाचा विषय काढला तर लगेच उत्तर येते, "इथं वाचतंय कोण? त्यापेक्षा चौकात ब्लॉक बसवू." असे म्हणणाऱ्याच्या पाठीशी वर्तमानपत्रात आलेला आकडा असतो. म्हणून हा आकडा येतो कुठून आणि त्यात नेमके काय मोजलेले असते, हे पाहणे गावाच्या हिताचे आहे.

पीक कापणीचा दाखला

शेतकऱ्याला आकड्यावर शंका घ्यायला शिकवावे लागत नाही. पैसेवारी, जिला जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात, ती जाहीर झाली की पहिला प्रश्न असतो, "प्रयोग कुणाच्या वावरात केला?" विहिरीखालच्या प्लॉटमध्ये पीक कापणी झाली आणि कोरडवाहूची पैसेवारी त्यावरून ठरली, तर गाव गप्प बसत नाही. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम अशा पायऱ्या आहेत, हरकत घेण्याची सोय आहे. पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर वसुलीची स्थगिती आणि सवलती अवलंबून असतात, त्यामुळे तलाठ्याला (आता ते ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत) चार प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही.

पण हाच शेतकरी "ग्रामीण भागात अमुक टक्के लोक वाचत नाहीत" असे ऐकले की मान डोलावतो. इथे तो विचारत नाही की बाबा, प्रयोग कुणाच्या वावरात केला? कोणत्या महिन्यात केला? आणि पीक म्हणून काय धरले? वाचनाच्या पाहणीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात.

एकाच देशाचे दोन आकडे

काय मोजले यावर आकडा कसा फिरतो, हे पाहण्यासाठी दोन गाजलेल्या पाहण्या शेजारी ठेवू.

२००५ साली एनओपी वर्ल्ड या संस्थेची एक आंतरराष्ट्रीय पाहणी प्रसिद्ध झाली. ३० देशांतल्या सुमारे ३० हजार लोकांना आठवड्यात किती तास वाचता, किती तास टीव्ही पाहता वगैरे विचारले होते. त्यात भारत पहिला आला. आपला माणूस आठवड्याला सरासरी १० तास ४२ मिनिटे वाचतो असे निघाले. थायलंड आणि चीन आपल्या मागे. हा आकडा इतका गोड लागला की तो आजही अधूनमधून मोबाईलवर फिरत असतो.

पुढे चारच वर्षांनी, २००९ मध्ये, नॅशनल बुक ट्रस्टने एनसीएईआर या संस्थेकडून युवकांच्या वाचनाची देशव्यापी पाहणी करून घेतली. तीन लाखांहून अधिक साक्षर तरुणांकडून माहिती घेण्यात आली. निष्कर्ष असा की साक्षर तरुणांपैकी साधारण चौथा हिस्साच पाठ्यपुस्तकाबाहेरची पुस्तके वाचतो. म्हणजे चारातले तीन पुस्तकाच्या वाटेला जात नाहीत.

आता बोला! जगात पहिला नंबर असलेला देश चार वर्षांत इतका खाली आला का? तसे काही झालेले नाही. पहिल्या पाहणीत एका देशातून सरासरी हजारभर माणसे, आणि वाचनाचे तास त्यांनी स्वतः सांगितलेले. कुणी घड्याळ लावून बसले नव्हते. दुसऱ्या पाहणीत माणसे भरपूर, पण वय १३ ते ३५ एवढेच आणि वाचन म्हणजे पाठ्यपुस्तक सोडून आवडीने वाचलेले पुस्तक. म्हणजे रोज पेपर चाळणारा तरुण या व्याख्येत पुस्तकवाचक ठरत नाही. परीक्षेसाठी रात्र रात्र जागणारी मुलगीही ठरत नाही. पंचावन्न वर्षांचा पोथी वाचणारा शेतकरी तर पाहणीच्या उंबऱ्याबाहेरच उभा. दोन्ही पाहण्यांनी वेगळी वस्तू वेगळ्या मापाने मोजली. मापे निरनिराळी असणे समजण्यासारखे आहे. माप न सांगता नुसता आकडा सांगणे मात्र फसवणुकीचे आहे.

हा घोटाळा फक्त आपल्याकडेच होतो असेही नाही. अमेरिकेत २००४ साली सरकारी कलासंस्थेने असाच अहवाल काढला होता. वर्षभरात साहित्य वाचणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १९८२ मध्ये ५६.९ टक्के होते, ते २००२ मध्ये ४६.७ टक्क्यांवर आले, असे त्यात म्हटले होते. मोठा गहजब झाला. पण त्या मोजणीत साहित्य म्हणजे कथा, कादंबरी, कविता आणि नाटक एवढेच होते. चरित्र, इतिहास, शेतीची किंवा विज्ञानाची पुस्तके वाचणारा त्या खात्यात जमा नव्हता. पुढच्या पाहणीत २००८ साली तोच आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला.

नागपूरचा शून्य वाचक

पाहणी मोठी असली म्हणजे ती बिनचूक असते, हा आणखी एक समज. त्याला आपल्याच राज्यात उत्तर मिळाले आहे.

वर्तमानपत्रांचे वाचक किती, हे ठरवण्यासाठी इंडियन रीडरशिप सर्व्हे नावाची मोठी पाहणी होत असे. तिच्या आकड्यांवर जाहिरातींचे कोट्यवधी रुपये कुठे जायचे ते ठरत असे. या पाहणीचे २०१३ चे आकडे जानेवारी २०१४ मध्ये बाहेर आले आणि देशातल्या अठरा मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी त्याविरुद्ध एकत्र निवेदन काढले. त्यात नागपूरच्या हितवादचे उदाहरण होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने १९११ साली सुरू झालेले हे इंग्रजी दैनिक. त्याचा प्रमाणित खप ६० हजारांच्या वर. पण या पाहणीनुसार त्याला नागपुरात एकही वाचक नव्हता! साठ हजार अंक रोज विकत घेतले जातात आणि वाचत कुणीच नाही, असा त्याचा अर्थ. एका आर्थिक दैनिकाचे वाचक चेन्नईपेक्षा मणिपूरमध्ये तिप्पट दाखवले होते. ओरड इतकी झाली की ते आकडे काही काळ स्थगित ठेवावे लागले.

हितवादजवळ खपाचा प्रमाणित कागद होता, वकील होते, सोबतीला मोठे वृत्तपत्रसमूह होते. म्हणून चूक चव्हाट्यावर आली. आता हाच शून्य घाटघरच्या किंवा मुरशेतच्या नावापुढे पडला असता तर? कोण निवेदन काढणार आणि कोण छापणार? शून्य तसाच राहिला असता, आणि दहा वर्षांनी त्यावर कुणीतरी व्याख्यान दिले असते.

अशा पाहण्यांत दैनिकाचा वाचक ठरवताना "काल वाचला का?" हा प्रश्न महत्त्वाचा असतो. शहरात तो ठीक आहे. पण डोंगरातल्या वाडीवर पेपर येतो तो एस.टी.तून किंवा बाजाराहून परतणाऱ्या कुणाच्या पिशवीतून. तीन दिवसांचे पेपर एकदम आले तर एका बैठकीत तीनही वाचले जातात, हातोहात दहा घरी फिरतात. पण काल गाडी आली नव्हती, म्हणून "काल" या खान्यात पडते "नाही".

असरचा अर्थ

आपल्याकडे सर्वांत जास्त चर्चा होते ती प्रथम संस्थेच्या असर अहवालाची. २००५ पासून ही पाहणी होते. २०२४ च्या फेरीत देशातील ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतली १७ हजार ९९७ गावे आणि साडेसहा लाखांच्या आसपास मुले पाहिली गेली. स्वयंसेवक घरी जातात, मुलाला एकेकटे बसवून अक्षरे, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला देतात. दुसरीची गोष्ट वाचू शकणारी पाचवीतली मुले देशभरात २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती, करोनानंतर २०२२ मध्ये ४२.८ टक्के झाली आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरली.

काम चांगले आहे आणि आकडा गंभीर आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांचा. पहिली गोष्ट, ही पाहणी वाचता येते का ते तपासते. वाचायची सवय किंवा आवड आहे का, हा प्रश्न ती विचारतच नाही. पोहता येणे वेगळे आणि रोज पोहणे वेगळे. तरीही बातमीचा मथळा होतो, "मुलांची वाचनाची आवड घटली."

दुसरी गोष्ट गावांच्या निवडीची. असर एका जिल्ह्यातून ३० गावे आणि प्रत्येक गावातून २० घरे घेते, म्हणजे जिल्ह्यात ६०० घरे. अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचे अहमदनगर) १४ तालुके आणि सोळाशेच्या आसपास गावे आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या ३६ लाखांच्या घरात होती आणि अकोले तालुक्याची सुमारे २ लाख ९२ हजार. हिशेब केला तर ३० पैकी सरासरीने दोन-तीन गावे अकोल्याच्या वाट्याला येतात. तीही प्रवरेकाठच्या बागायती पट्ट्यातली असू शकतात. मग त्या आकड्यावरून भंडारदऱ्याच्या वाड्या-पाड्यांवर बोट ठेवायचे कसे?

शिवाय थोड्या मुलांवरून काढलेला टक्का डळमळीत असतो. समजा एका जिल्ह्यात पाचवीची ६० मुले सापडली आणि त्यातली निम्मी गोष्ट वाचू शकली. आकडा आला ५० टक्के. पण संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने खरे प्रमाण ३७ पासून ६३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. यंदा ५० आणि पुढच्या वेळी ४४ आले, तर जिल्हा घसरला असे छातीठोक सांगता येत नाही. म्हणूनच असरवाले जिल्ह्याचे आकडे देताना एकेक इयत्ता न घेता इयत्ता एकत्र करतात. ही सावधगिरी अहवालात असते, मथळ्यात ती गळून पडते.

तिसरी गोष्ट आपल्या भागाला फार लागू आहे. असरमध्ये घरात नियमित राहणारी मुलेच मोजली जातात. राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली आश्रमशाळा आणि वसतिगृहे आहेत. इकडची पुष्कळ मुले वर्षातला बराच काळ तिथे राहतात. स्वयंसेवक दारात आला तेव्हा मूल आश्रमशाळेत असते, ते यादीत येत नाही. त्याला वाचता येत असेल तरी येत नाही आणि येत नसेल तरीही येत नाही. म्हणजे ज्या मुलांची काळजी सर्वांत जास्त करायला हवी, त्यांच्याबद्दल घरोघरची पाहणी काहीच सांगत नाही.

सरासरीचा पाऊस कुणाच्या वावरात पडतो?

जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबण्याचा धोका आपल्या भागाला पावसाने कधीच शिकवला आहे. घाटघर-रतनवाडीला एका पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच नगर जिल्ह्याची ओळख मात्र दुष्काळी. पश्चिमेचा घाटमाथा आणि पूर्वेची पठारे मिळून सरासरी काढली, तर तेवढा पाऊस ना घाटघरला पडतो, ना पाथर्डीला.

वाचनाच्या सरासरीतही हेच होते. एकीकडे १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिलेला लोणी-प्रवरानगरचा परिसर, तिथली विद्यालये, महाविद्यालये, ग्रंथालये. दुसरीकडे कळसूबाईच्या पायथ्याच्या वाड्या. २०११ ला जिल्ह्याची साक्षरता ७९ टक्के होती, पण हा आकडा दोन्हींपैकी कुणाचाच चेहरा दाखवत नाही. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण सिंचनाच्या आकड्यात जिल्ह्याला वैभव देते आणि वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात धरण उशाला आणि कोरड घशाला. सरासरीत कोरड दिसत नाही.

काळवेळाचेही तेच. आषाढ-श्रावणात आवणीच्या चिखलात उभ्या माणसाला "गेल्या आठवड्यात काय वाचले?" विचारले तर तो काय सांगणार? दिवाळीच्या सुमारास भाताची सोंगणी, पुढे नागली-वरईची आवराआवर, आणि मग कित्येक कुटुंबे मजुरीसाठी जुन्नर-नारायणगाव, नाशिककडे उतरतात. त्या दिवसांत पाहणी झाली तर अर्धी घरे कुलूपबंद. बंद घर पाहणीत मोजले जात नाही, शेजारचे उघडे घर घेतले जाते.

माणूस खरे का सांगत नाही?

पाहणीला आलेल्या माणसाला खेड्यात कोण काय उत्तर देतो, यामागेही अनुभव आहे. २००२ साली दारिद्र्यरेषेची पाहणी झाली. त्यात १३ प्रश्न होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण. घरातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाचे शिक्षण किती, हाही एक प्रश्न होता. शिक्षण जास्त तर गुण जास्त, आणि गुण जास्त तर यादीतून बाहेर जाण्याचा धोका जास्त. म्हणजे "मी शिकलेला आहे" असे सांगणे तोट्याचे होते. ज्या घराने हा धडा घेतला, ते घर पुन्हा कुणी वही-पेन घेऊन आले की सावध होते. "वाचता का?" म्हटल्यावर "नाही हो साहेब, आम्हाला कुठलं येतंय" हे उत्तर येते. याउलट कुणी चांगल्या कपड्यातला पाहुणा आला तर त्याच्यासमोर कमीपणा नको म्हणून "हो, रोज वाचतो की!" असेही उत्तर येते. दोन्ही उत्तरे कागदावर सारख्याच शाईने उतरतात.

आणि उत्तर देतो कोण? बहुधा ओट्यावर बसलेला कर्ता पुरुष. आत चुलीपाशी सून बचत गटाचे रजिस्टर भरते, पासबुकातली रक्कम ताडून पाहते, मुलीच्या पाठ्यपुस्तकातला धडा वाचते. तिला विचारले जात नाही.

वाचन कशाला म्हणायचे?

हा मूळ मुद्दा. वनहक्काचा दावा करणाऱ्याने २००६ च्या कायद्याखालचा अर्ज वाचलेला असतो, पुरावे जोडलेले असतात, दावा फेटाळल्याचा कागद दहादा वाचलेला असतो. सातबाऱ्यावरची नोंद, फेरफाराची नोटीस, पीकविम्याच्या अटी, औषधाच्या डब्यावरचे प्रमाण, हे सगळे वाचनच आहे. चूक झाली तर जमीन जाते किंवा पीक जळते, इतक्या जबाबदारीने ते केलेले असते. पुस्तकाच्या पाहणीत मात्र हा माणूस "न वाचणारा".

दुसरा प्रकार ऐकण्याचा. श्रावणात कुणाच्या ओट्यावर नवनाथ भक्तिसार लागतो, हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण बसते. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास, आणि ओवी चुकली तर मागून दुरुस्त करणारी म्हातारी, जिला अक्षरओळख नाही. पाहणीत इथे पुस्तक एक आणि वाचकही एकच. बाकीचे एकोणपन्नास कुठल्या खान्यात घालायचे?

आपल्या नदीनेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्यातून खाली उतरते आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेवाशाजवळून जाते. त्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ज्ञानेश्वरांनी सांगितली, सच्चिदानंद बाबांनी लिहून घेतली आणि श्रोत्यांनी ऐकली, अशी परंपरा आहे. मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ ज्यांच्यासमोर उभा राहिला, त्यांनाही "किती पुस्तके वाचली?" विचारले असते तर काय उत्तर आले असते?

मात्र याचा अर्थ असा कुणी करू नये की ऐकून भागते, मग अक्षर कशाला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी देशी बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० सालची पद्मश्री अकोले तालुक्यात आणली. कुठल्याही वाचनपाहणीत त्यांच्या नावापुढे शून्य पडला असता. त्यांच्यावरून एवढेच शिकायचे की न वाचणारा म्हणजे अडाणी नव्हे. पण ज्याला वाचता येत नाही, त्याचा अंगठा दुसऱ्याच्या भरवशावर उठतो, हेही आपल्या भागाने पुष्कळ भोगले आहे.

पुरवठा नाही आणि आवड नाही, यांत फरक

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडून ग्रंथालयांना अनुदान दिले जाते. २०१२ मध्ये शासनाने राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली, कारण काही ठिकाणी ग्रंथालय कागदावर आणि अनुदान खिशात, असा प्रकार होता. पडताळणी योग्यच होती. पण त्यानंतर कित्येक वर्षे नव्या ग्रंथालयांना मान्यता मिळणेच थांबले. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, ती ज्यांना आधी मान्यता होती त्यांच्यासाठी. म्हणजे ज्या वाडीत २०१२ पर्यंत ग्रंथालय नव्हते, तिच्यासाठी ते दार बंद राहिले.

अशा वाडीत जाऊन "तुम्ही ग्रंथालयात जाता का?" विचारायचे, "नाही" उत्तर घ्यायचे आणि वाचनाची आवड नाही असे लिहायचे, हा कुठला न्याय? ज्या गावाला एस.टी. जात नाही, तिथल्या लोकांना प्रवासाची हौस नाही म्हणण्यासारखेच हे झाले.

राज्यात साताऱ्याच्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. आधी घराघरांत पुस्तके ठेवली, मग वाचक आले. वाचक किती ते मोजून पुस्तके आणली नाहीत.

दुसरी बाजू

इतके सांगितल्यावर एक धोका आहे. "पाहण्या खोट्या असतात" म्हणत मुख्याध्यापक, सरपंच आणि पालक सगळेच मोकळे होतील. तसे होता कामा नये. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नसेल, तर पाहणीचा दोष काढून त्याला वाचता येणार नाही. हितवादच्या बाबतीत पाहणी चुकली, म्हणून असरही चुकीचे, असेही ठरत नाही. पाहणी काय सांगते ते ऐकावे आणि ती जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालू नये. आपल्या गावाबद्दल जे कुणीच मोजलेले नाही, ते आपणच मोजावे.

गावाने काय करावे?

यासाठी तज्ज्ञ किंवा निधी लागत नाही. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, शाळेचे शिक्षक, अंगणवाडीताई आणि बारावीपर्यंत शिकलेली चार मुले-मुली एवढे पुरे.

एक, प्रत्येक वाडी स्वतंत्र मोजावी. गावठाणावरून पाड्याचा अंदाज बांधू नये.

दोन, मोजणी दोनदा करावी. एकदा आवणी उरकल्यावर भाद्रपदात आणि एकदा बाहेर गेलेली माणसे परतल्यावर वैशाखात. आश्रमशाळेतली मुले सुट्टीला घरी येतात, तेव्हा त्यांनाही धरावे.

तीन, "वाचता का?" असे मोघम विचारू नये. गेल्या आठ दिवसांत हाताखालून काय काय गेले ते विचारावे. पेपर, कागदपत्र, पोथी, शेतीचे मासिक, मोबाईलवरचा मजकूर, मुलांचे पुस्तक, सगळे लिहावे. कुणी वाचून दाखवले आणि किती जणांनी ऐकले, तेही लिहावे. बायकांना वेगळे विचारावे, विचारणारी बाईच असावी.

चार, वाचायला काय हवे होते आणि ते का मिळाले नाही, हा प्रश्न सोडू नये. उजेड नाही, चष्मा नाही, वेळ नाही, पुस्तक नाही, अक्षर येत नाही. प्रत्येक कारणाचे औषध निराळे आहे. चाळिशीनंतर चष्म्यावाचून वाचन सुटलेल्या माणसाला प्रेरणेपेक्षा चष्मा द्यावा.

पाच, ही माहिती कुठल्याही योजनेच्या यादीला जोडली जाणार नाही, हे आधी सांगावे आणि ते पाळावे. तरच खरी उत्तरे मिळतील.

आलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि हरकती घ्याव्यात, जशा पैसेवारीवर घेतात. मग ठरवावे की पाच टक्क्यांतला काही हिस्सा पुस्तकांना द्यायचा की नाही. कदाचित एखाद्या गावात खरेच वाचनालयाची गरज कमी निघेल आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेची किंवा मोठ्यांच्या अक्षरवर्गाची जास्त निघेल. तसे निघाले तर तसे करावे. पण तो निर्णय गावाने आपल्या वावरात कापणी करून घेतलेला असेल. दुसऱ्याच्या प्लॉटवरची पैसेवारी आपण भाताला मान्य करत नाही, पोरांच्या पुस्तकालाही करू नये.